नेमकी हीच पेशी का मरते? प्रयोगशाळेतून दिसणारा पार्किन्सन्स

मेंदूच्या तळाशी, मानेकडे उतरणारा जो देठ असतो, त्याच्या वरच्या टोकाचा आडवा काप घेतला तर डाव्या-उजव्या बाजूंना एकेक काळसर रेघ दिसते. ती बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. फिकट, मेणासारख्या पृष्ठभागावर कोळशाने ओढावी तशी ती साध्या डोळ्यांना दिसते. शरीरशास्त्रात तिचं नावही त्याच अर्थाचं आहे: सब्स्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे काळा पदार्थ. पार्किन्सन्स असलेल्या माणसाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला की ही रेघ पुसट झालेली असते, कधी कधी तर जवळजवळ नाहीशी. ज्या पेशींमुळे ती काळी दिसते, त्या पेशीच मेलेल्या असतात.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्या काळ्या रेघेत डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी दोन्ही बाजूंच्या मिळून जेमतेम चार-पाच लाख. आजार मेंदूतल्या इतर काही ठिकाणीही पोचतो, पण हालचाल मंदावणं, हात थरथरणं, अंग ताठणं, अक्षर बारीक होत जाणं ही सगळी लक्षणं मुख्यतः या मूठभर पेशींच्या मरणातून येतात. ‘कारण कळलं का?’ आणि ‘औषध निघालं का?’ हे दोन प्रश्न प्रत्येक रुग्णाच्या घरात विचारले जातात. या दोन्हींची वाट तिसऱ्या एका प्रश्नातून जाते, असं मला ठामपणे वाटतं. इतक्या कोटी पेशी सोडून आजार नेमका याच पेशींवर का तुटून पडतो?

त्याआधी आज हातात असलेली गोळी कुठून आली, ते बघू.

सशाचे कान आणि गुलाबी रंग

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा जणांची वर्णनं लिहून ठेवली. त्यांतले काही तर त्यांना रस्त्यात भेटलेले होते. आजार मेंदूत नेमका कुठे आहे, हे त्यांना कळणं शक्यच नव्हतं. काळी रेघ पुसट होते आणि आजाराचं मूळ तिथे आहे, हे १९१९ साली पॅरिसमध्ये कॉन्स्टंटिन ट्रेटियाकॉफ यांनी आपल्या प्रबंधात मांडलं. म्हणजे लक्षणांपासून जागेपर्यंत यायला शंभर वर्षं लागली. त्या जागी काय कमी पडतं, हे कळायला आणखी चाळीस.

१९५० च्या दशकात डोपामिनला कुणी विचारत नव्हतं. शरीर नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बनवतं तेव्हा वाटेत तयार होणारा एक टप्पा, एवढीच त्याची ओळख. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. हे सर्पगंधेच्या मुळांतून मिळणारं औषध, तेव्हा रक्तदाबासाठी वापरलं जायचं. ससे दगडासारखे निश्चल झाले, कान खाली पडले, ढकललं तरी हलेनात. मग कार्लसन यांनी त्यांना डोपा टोचलं. डोपा म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं तो कच्चा माल. काही मिनिटांत सशांचे कान ताठ झाले आणि ते इकडेतिकडे फिरू लागले. मेंदू तपासला तर नॉरअ‍ॅड्रेनॅलिन परत आलेलं नव्हतं. परत आलं होतं ते डोपामिन. हे १९५७-५८ सालचं काम. १९६० साली लंडनच्या एका परिषदेत त्यांनी ते मांडलं, तेव्हा ज्येष्ठ मंडळींनी ते मानायला नकार दिला. पुढे २००० साली त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं.

ससा हलला म्हणून माणूस हलेल, असं थोडंच असतं? ती शंका व्हिएन्नात फिटली. ओलेह हॉर्निकेविच आणि हर्बर्ट एरिंगर यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंचे तुकडे घेतले. त्यांच्या पद्धतीत डोपामिन असेल तर काचनळीतलं द्रव गुलाबी होत असे. निरोगी मेंदूच्या नळ्या गुलाबी झाल्या. पार्किन्सन्सच्या नळ्यांत गुलाबी छटा जेमतेम दिसत होती. एका आजारात मेंदूतलं एक विशिष्ट रसायन कमी पडतं, हे असं डोळ्यांदेखत कळलं. साल १९६०. पुढच्याच वर्षी वॉल्टर बिर्कमायर यांनी रुग्णांना लेव्होडोपा, म्हणजे डोपाचाच एक प्रकार, टोचलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसली, बसलेली उभी राहिली. परिणाम काही तासच टिकला. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे, अगदी थोड्यापासून सुरुवात करून हळूहळू मात्रा वाढवत नेली, तेव्हा कुठे हे रोज घेता येईल असं औषध झालं. हळूहळू का, तर मळमळ आणि उलटी. १९१३ सालीच मार्कुस गुगेनहाइम यांनी घेवड्यासारख्या एका शेंगेतून हा पदार्थ वेगळा केला होता आणि स्वतः चाखून पाहिला होता. त्यांना उलट्यांनी हैराण केलं आणि विषय तिथेच राहिला.

डोपामिनच का देत नाहीत, असं अनेक जण विचारतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांभोवती एक काटेकोर पहारा असतो; डोपामिन तो ओलांडू शकत नाही, लेव्होडोपा ओलांडतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. गोळीत सोबत कार्बिडोपा असतं, ते लेव्होडोपाला वाटेतच रूपांतरित होण्यापासून थोपवतं. त्यामुळे मात्रा कमी लागते आणि उलटीचा त्रासही घटतो.

साठ वर्षं होऊन गेली, तरी यापेक्षा प्रभावी गोळी आलेली नाही. पण ही गोळी रिकामी टाकी भरते, टाकीची गळती थांबवत नाही. काही वर्षांनी दोन गोळ्यांमधला चांगला वेळ आखूडतो, ‘ऑन’ (गोळीचा अंमल असताना) आणि ‘ऑफ’ची (अंमल उतरल्यावर) घड्याळं सुरू होतात आणि अंग आपोआप वळवळायला लागतं. पेशी मरतच राहिलेल्या असतात.

ही पेशी आहे तरी कशी

आता त्या पेशीकडे जवळून बघू, कारण माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे.

जपानी संशोधकांनी २००९ साली उंदरांच्या मेंदूतल्या अशा सुट्या पेशींना रंग दिला आणि कापामागून काप तपासत एकेका पेशीच्या तंतूच्या सगळ्या फांद्यांचा माग काढला. एकाच पेशीच्या फांद्यांची लांबी मिळून सरासरी जवळपास अर्धा मीटर भरली. तीही बोटभर लांबीच्या मेंदूत! माणसाच्या मेंदूत अशी एक पेशी दहा लाखांहून अधिक ठिकाणी जोडलेली असावी, असा अंदाज आहे. मेंदूतल्या बहुतेक पेशी काही हजार जोडण्यांवर भागवतात. म्हणजे ही पेशी एखाद्या प्रचंड वृक्षासारखी आहे, आणि एवढ्या फांद्यांना रसद पुरवायला खोड मात्र एकच, तेही सूक्ष्म.

शिवाय ती कधी स्वस्थ बसत नाही. कुणाचा निरोप येवो न येवो, ती सेकंदाला दोन-चार वेळा आपली आपण विद्युत स्पंदन देत राहते. प्रत्येक स्पंदनाबरोबर कॅल्शियम आत शिरतं आणि ते पुन्हा बाहेर काढायला ऊर्जा लागते. ती ऊर्जा तंतुकणिका पुरवतात. मायटोकाँड्रिया म्हणतात त्या याच, पेशीच्या आतल्या ऊर्जेच्या भट्ट्या. या पेशीतल्या भट्ट्या आयुष्यभर जवळजवळ कमाल क्षमतेवर चालतात आणि भट्टी जितकी जोरात चालते तितकी काजळी जास्त.

तिसरी गोष्ट म्हणजे डोपामिन स्वतः. पिशव्यांमध्ये बंद असतं तोवर ते निरुपद्रवी. पिशवीबाहेर सांडलं की ऑक्सिजनशी त्याची प्रक्रिया होऊन ते दाहक होतं. कापलेलं सफरचंद उघड्यावर काळं पडतं, त्यामागचं रसायनशास्त्र याच जातीचं आहे. पेशी हा दाहक माल एका काळ्या रंगद्रव्यात बांधून बाजूला ठेवते. त्याला न्यूरोमेलॅनिन म्हणतात. काळ्या रेघेचा काळेपणा तो हाच. नवजात बाळाच्या मेंदूत ही रेघ काळी नसते. वय वाढतं तशी ती गडद होत जाते. मला हे समजलं तेव्हा त्या रेघेकडे बघण्याची नजरच बदलली. ती पेशीने आयुष्यभर निस्तरलेल्या कचऱ्याची नोंद आहे.

आणि शेजारीच, हाकेच्या अंतरावर, डोपामिनच्याच आणखी काही पेशी असतात. त्यांच्यात हे काळं द्रव्य कमी असतं. पार्किन्सन्समध्ये त्या बऱ्याच प्रमाणात वाचतात.

तेव्हा ‘पार्किन्सन्सचं कारण काय’ या प्रश्नाला एकच एक उत्तर मिळत नाही, याचं मला आता आश्चर्य वाटत नाही. जी पेशी आधीच काठावर उभी आहे, तिला ढकलायला कुणाचंही बोट पुरतं. प्रयोगशाळेत आजवर सापडलेली बहुतेक कारणं म्हणजे अशी निरनिराळी बोटं.

विषाने शिकवलेला धडा

१९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण आणि मध्यमवयीन माणसं अचानक गोठल्यासारखी झाली. बोलता येईना, हलता येईना, नजर स्थिर. न्यूरॉलॉजिस्ट विल्यम लँगस्टन यांच्यापुढे प्रगत अवस्थेतला पार्किन्सन्स उभा होता, आणि तोही काही दिवसांत झालेला. सगळ्यांमध्ये एकच धागा होता: चोरून बनवलेलं कृत्रिम हेरॉइन त्यांनी टोचून घेतलं होतं. ते बनवताना चूक होऊन त्यात एमपीटीपी नावाचं भलतंच रसायन उतरलं होतं. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतच रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत असंच घडल्याची नोंद एका नियतकालिकात पडून होती. लेव्होडोपा दिल्यावर ही माणसं हलू लागली.

एमपीटीपी हे रसायन स्वतः फारसं विषारी नाही. मेंदूतल्या मदतनीस पेशी त्याचं एका दुसऱ्या रसायनात रूपांतर करतात. ते दुसरं रसायन इतकं डोपामिनसारखं असतं की डोपामिन परत आत घेण्यासाठी पेशीला जो दरवाजा असतो, त्यातून ते सरळ आत शिरतं. डोपामिनच्या पेशी सोडल्या तर हा दरवाजा इतर पेशींना नाहीच. आत गेल्यावर ते तंतुकणिकांमध्ये घुसतं आणि ऊर्जानिर्मितीच्या साखळीतली पहिलीच कडी, कॉम्प्लेक्स वन, बंद पाडतं. भट्टी विझते, पेशी मरते. ‘हीच पेशी का’ या प्रश्नाचं एक उत्तर इतक्या स्वच्छपणे पहिल्यांदाच मिळालं.

मग १९८९ साली दिसून आलं की कुठलंही विष न टोचलेल्या, नेहमीच्या पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या काळ्या रेघेतही ती पहिली कडी अशक्त असते. २००० साली रोटेनोन या कीटकनाशकाने उंदरांमध्ये पार्किन्सन्ससारखा आजार उभा करता आला. रोटेनोनही तीच कडी तोडतं. २०११ साली अमेरिकेत कीटकनाशकं हाताळणाऱ्यांच्या अभ्यासात, रोटेनोन किंवा पॅराक्वाट हे तणनाशक वापरलेल्यांमध्ये हा आजार सुमारे अडीचपट आढळला. फवारणी करणाऱ्या प्रत्येकाने हातमोजे आणि मुखवटा घालावा, हे मी या माहितीनंतर कुणालाही कळकळीने सांगेन.

एमपीटीपीने आणखी एक देणगी दिली. माकडांमध्ये हुबेहूब लक्षणं निर्माण करता येऊ लागली. त्यांच्या मेंदूचा अभ्यास करताना सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा छोटासा भाग अतिरेकी सक्रिय झालेला दिसला, आणि १९९० साली तो भाग निकामी केल्यावर माकडं पुन्हा हलू लागली. फ्रान्समध्ये आलिम-लुई बेनाबिद यांच्याकडे तोवर मेंदूत बारीक तार घालून जलद विद्युत स्पंदनं देण्याचं तंत्र तयार होतं. त्या दोन्हींतून आजची डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) शस्त्रक्रिया आली.

एका गावातलं घराणं

दक्षिण इटलीतल्या कोंतुर्सी नावाच्या गावातून अमेरिकेत गेलेल्या एका मोठ्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या पार्किन्सन्स होता. १९९७ साली त्यांच्या जनुकांत दोष सापडला. अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनात १४० अमिनो आम्लांची माळ असते. त्यातला त्रेपन्नावा मणी बदललेला होता. एक मणी, बाकी सारं जसंच्या तसं.

घराणी दुर्मीळ असतात, बहुसंख्य रुग्णांत हा दोष नसतो. पण त्याच वर्षी केंब्रिजमधल्या संशोधकांनी दाखवलं की बहुतेक सगळ्या रुग्णांच्या मरणाऱ्या पेशींमध्ये जे गोल गोळे सापडतात, ते मुख्यतः याच प्रथिनाचे असतात. हे गोळे १९१२ साली फ्रिट्झ लेवी यांनी पाहिले होते, म्हणून ते लेवी बॉडीज. पंचाऐंशी वर्षं ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होते आणि कशाचे आहेत ते कुणाला ठाऊक नव्हतं. २००३ साली आणखी एका घराण्यात या जनुकाच्या जादा प्रती सापडल्या. प्रथिन अगदी निर्दोष, फक्त प्रमाण जास्त, आणि तेवढ्यानेच तरुण वयात तीव्र आजार.

हे प्रथिन निरोगी पेशीतही असतं. त्याला ठरावीक आकार नसतो. कधी तरी त्याची चुकीची घडी पडते, आणि मग ती चुकीची घडी शेजारच्या प्रथिनालाही तशीच घडी घालायला लावते. चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध लागावं, तसं.

ही विरजणाची गोष्ट फक्त काचनळीतली नाही, याचा पुरावा फार अनपेक्षित ठिकाणाहून आला. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काही रुग्णांच्या मेंदूत गर्भातून मिळालेल्या तरुण डोपामिन पेशी बसवल्या गेल्या होत्या. त्यांतल्या काहींच्या मृत्यूनंतर, २००८ साली, त्या बसवलेल्या पेशींत लेवी बॉडीज सापडल्या. जेमतेम दहा-पंधरा वर्षं वयाच्या पेशींत म्हातारपणाचा आजार! तो बाजूच्या आजारी पेशींतूनच आला असणार. २०१२ साली फिलाडेल्फियात निरोगी उंदरांच्या मेंदूत अशा चुकीच्या घडीच्या प्रथिनाचं एकच इंजेक्शन दिलं गेलं. काही महिन्यांत गोळे एका भागातून जोडलेल्या दुसऱ्या भागात पसरले आणि काळ्या रेघेतल्या पेशी मेल्या.

वास कमी होणं, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं या तक्रारी थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेल्या असतात. याच्याशी जुळणारा तर्क जर्मन शरीरशास्त्रज्ञ हाइको ब्राक यांनी २००३ साली, मृतांच्या मेंदूंत हे गोळे कुठे कुठे सापडतात ते पाहून, मांडला, की आजार आतड्यात किंवा नाकात सुरू होऊन नसांवाटे वर चढत असावा. २०१९ साली उंदरांच्या आतड्याच्या भिंतीत हे प्रथिन टोचल्यावर ते व्हेगस नसेवाटे मेंदूत पोचलं. नस आधीच कापलेली असेल तर पोचलं नाही. मात्र प्रत्येक रुग्णात हाच प्रवास होतो, असं मानू नये. काहींत आजार मेंदूतच सुरू झाल्यासारखा दिसतो.

कचरा उचलणारी यंत्रणा

इतर जनुकांनी दुसरंच दार उघडलं. १९९८ साली जपानी संशोधकांना पार्किन हे जनुक सापडलं, २००४ साली पिंक-वन. दोघांचं काम काय, ते फळमाश्यांनी दाखवलं. पिंक-वन बिघडलेल्या माश्यांचे पंख लोंबतात, त्यांना उडता येत नाही. त्यांना जादा पार्किन दिलं की पुष्कळ सुधारतं. उलटं मात्र होत नाही. म्हणजे पिंक-वन वरचा अधिकारी, पार्किन हाताखालचा. पेशीत एखादी तंतुकणिका खराब झाली की पिंक-वन तिच्यावर खूण करतं, पार्किन धावत येऊन तिला मोडीत काढण्याचं लेबल लावतं आणि ती लयकारिकेकडे, म्हणजे पेशीच्या विल्हेवाट खात्याकडे जाते. जीबीए-वन या जनुकातला दोष थेट या विल्हेवाट खात्यातलाच आहे. पार्किन्सन्सचा धोका वाढवणाऱ्या दोषांपैकी तो सर्वांत जास्त आढळणाऱ्यांत मोडतो.

भट्ट्या सतत धडधडणाऱ्या पेशीत कचरागाडी येईनाशी झाली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

उंदीर बरे झाले, माणसं नाही

एवढं कळूनही आजार थांबवणारं एकही औषध अजून का नाही?

प्रयत्न झाले. कोएन्झाइम क्यू-टेन, क्रिएटिन, कॅल्शियमचा दरवाजा बंद करणारं इस्राडिपिन. इस्राडिपिनमागचा विचार मी वर सांगितलेल्या स्पंदनाचाच होता आणि फार सुरेख होता. तीनशेहून अधिक रुग्णांवर तीन वर्षं त्याची चाचणी चालली. २०२० साली निष्कर्ष आला: फरक नाही. अल्फा-सिन्युक्लिन पकडणाऱ्या दोन प्रतिपिंडांच्या चाचण्यांचे निकाल २०२२ साली आले; दोन्हींचं मुख्य उद्दिष्ट साधलं नाही. मधुमेहाच्या एक्सेनाटाइडकडून मोठी आशा होती. २०२५ साली तीही मावळली.

यातली बरीच औषधं उंदरांमध्ये चालली होती. दोष कुठे होता, हे आता बऱ्यापैकी दिसतं. उंदराला विष टोचलं की पेशी काही दिवसांत मरतात. माणसात ते दहा-वीस वर्षं चालतं. कित्येक प्रयोगांत औषध विषाच्या आधीच दिलेलं असायचं. माणसाचं निदान होतं तेव्हा काळ्या रेघेतल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. ते प्रयोग दरोड्याआधी कुलूप लावून बघत होते, आणि रुग्णाच्या घरी आपण दरोड्यानंतर पोचतो.

आणखी खोल दोष असा, की उंदराच्या त्या पेशीत न्यूरोमेलॅनिन जवळजवळ नसतंच. २०१९ साली बार्सिलोनात उंदरांच्या त्या पेशींना माणसाचं एक जनुक देऊन हे काळं द्रव्य तयार करायला लावलं. ते साठत साठत एका मर्यादेपलीकडे गेलं आणि पेशी आजारी पडू लागल्या.

म्हणून आता माणसाच्याच पेशी. रुग्णाच्या त्वचेचा छोटा तुकडा किंवा थोडं रक्त घ्यायचं, शिन्या यामानाका यांनी शोधलेल्या पद्धतीने त्या पेशींना मूलपेशींच्या अवस्थेत मागे न्यायचं आणि मग काही आठवडे योग्य रसायनं योग्य क्रमाने देत त्यांना डोपामिन पेशी बनवायचं. बशीच्या तळाशी कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरत जातात. त्या माणसाचे सगळे जनुकीय गुणदोष या पेशींत जसेच्या तसे असतात. २०१७ साली शिकागोत, एक जनुक बिघडलेल्या रुग्णांच्या अशा पेशींत दाहक झालेलं डोपामिन साठताना आणि त्याने विल्हेवाट खातं मंदावताना दिसलं. उंदराच्या पेशींत तेच जनुक बिघडवूनही हे दिसलं नव्हतं. भट्टी, सांडलेलं डोपामिन, कचरागाडी आणि चुकीच्या घडीचं प्रथिन, या चार वेगळ्या वाटणाऱ्या कहाण्या तिथे एका पेशीत एकमेकींत गुंतलेल्या सापडल्या. या पद्धतीची उणीव अशी, की पेशी मागे नेताना तिचं वयही पुसलं जातं. सत्तर वर्षांच्या माणसाची पेशी बशीत पुन्हा बाळ होते, आणि हा तर वयाचा आजार.

आता हातात काय आहे

निदान लवकर व्हावं म्हणून विरजणाचाच उपयोग केला गेला आहे. कण्यातलं थोडं पाणी घेऊन प्रयोगशाळेतल्या निर्दोष अल्फा-सिन्युक्लिनमध्ये मिसळतात आणि हलवत ठेवतात. पाण्यात चुकीच्या घडीचा अंश असेल तर सगळं हळूहळू गोठतं आणि त्यातला रंग चमकू लागतो. २०२३ साली हजाराहून अधिक जणांच्या अभ्यासात पार्किन्सन्स असलेल्या ८७.७ टक्के लोकांत ही चाचणी होकारार्थी आली. एलआरआरके-टू या जनुकाचा दोष असलेल्या रुग्णांत मात्र हे प्रमाण बरंच कमी होतं. म्हणजे त्यांच्यातल्या काहींचा आजार या प्रथिनाविनाच घडत असावा. एकच नाव असलेले हे अनेक आजार आहेत, आणि सगळ्यांना एकच औषध देऊन बघणं हेही आधीच्या अपयशाचं एक कारण असू शकतं.

म्हणून नव्या चाचण्या ज्याच्या त्याच्या दोषाप्रमाणे आखल्या जात आहेत. खोकल्याच्या औषधात असतं ते अ‍ॅम्ब्रोक्सॉल, जीबीए-वनच्या विकराला मदत करतं असं पेशींमध्ये दिसलं. लहानशा चाचणीत ते मेंदूपर्यंत पोचतं हेही दिसलं. आता ब्रिटनमध्ये त्याची मोठी चाचणी चालू आहे. कृपया यावरून कुणी कफ सिरप प्यायला सुरुवात करू नये. चाचणीतली मात्रा खोकल्याच्या मात्रेच्या कित्येक पट असते आणि उपयोग होतो की नाही हेच अजून ठरायचं आहे.

आणि मेलेल्या पेशींच्या जागी नव्या. क्योटोत जुन ताकाहाशी यांच्या गटाने दुसऱ्या व्यक्तीच्या रक्तातून बनवलेल्या मूलपेशींपासून डोपामिन पेशी तयार केल्या आणि सात रुग्णांच्या मेंदूत बसवल्या. २०२५ साली निष्कर्ष आले. उपयोग किती झाला, ते सहा जणांमध्ये मोजलं गेलं. त्यांतल्या चौघांची हालचाल गोळीचा अंमल नसतानाही सुधारली होती. गंभीर दुष्परिणाम झाला नाही. त्याच सुमारास अमेरिका आणि कॅनडात भ्रूणातल्या मूलपेशींपासून बनवलेल्या पेशी बारा जणांना बसवल्याचे निष्कर्षही आले. त्याही सुरक्षित ठरल्या.

आकडे लहान आहेत आणि या चाचण्यांत तुलनेला दुसरा गट नव्हता. या आजारात तो असावाच लागतो. २००१ साली व्हँकुव्हरमध्ये रुग्णांना औषध म्हणून नुसतं मिठाचं पाणी टोचलं, तेव्हा स्कॅनवर त्यांच्या मेंदूत खरोखरच डोपामिन सुटताना दिसलं. आशेनेसुद्धा डोपामिन वाढतं, आणि त्यामुळे आशा कुठली आणि औषध कुठलं हे वेगळं काढणं अतिशय अवघड होतं. म्हणून गर्भपेशींच्या जुन्या चाचणीत चाळीस रुग्णांपैकी निम्म्यांच्या कवटीला फक्त छिद्रं पाडली, आत काहीच बसवलं नाही, आणि वर्षभर कुणाला काय मिळालं हे त्यांना सांगितलं नाही. ते सगळे हे माहीत असूनच आले होते. निष्कर्ष असा निघाला की तरुण रुग्णांना थोडा फायदा झाला, पण काहींच्या अंगाची वळवळ औषध बंद केल्यावरही थांबेना. ते कळलं म्हणूनच आजच्या पेशी इतक्या निवडून, गाळून घेतल्या जातात. नव्या पेशींच्या पुढच्या टप्प्यातही काही शुभार्थींच्या, म्हणजे रुग्णांच्या, वाट्याला अशी नुसती शस्त्रक्रिया येणार आहे.

या नव्या पेशी काळ्या रेघेत बसवत नाहीत. तिथून फांद्या पसरायला माणसाच्या मेंदूत अंतर फार पडतं. त्यामुळे जुन्या वृक्षाच्या फांद्या जिथे पोचायच्या, त्या पुटामेन या भागातच रोपं लावतात. क्योटोच्या रुग्णांचे दोन वर्षांनी स्कॅन काढले, तेव्हा नेमक्या त्या जागी डोपामिन तयार होण्याची खूण आधीपेक्षा ठळक उमटली होती.